खाडीसाठी कापडी होडी: लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड (मापं, सामान आणि होणाऱ्या चुका)

वल्हेकरी

दोन माणसं बसतील अशी चौदा फुटी, वल्ह्याची होडी घरी बांधायची आहे. वापर कोकणातल्या कर्ली किंवा आचऱ्यासारख्या खाडीत, तोही सकाळचा. समुद्रात न्यायची नाही. फायबरची होडी दोघांना पुळणीवरून उचलवत नाही, म्हणून लाकडी सांगाड्यावर कापड ताणून करायचा विचार आहे. आराखडा परदेशी आहे. त्यात सीडर आणि स्प्रूस सांगितलंय, ते इथल्या कुठल्या वखारीत मिळणार? तेव्हा विचारायचं ते हे: लाकूड कुठलं, कापड कुठलं, आणि आपल्या दमट हवेत हे प्रकरण टिकतं का?

---

रंधा_पटाशी

टिकतं. ग्रीनलंडच्या कयाकवर सीलचं कातडं, आयर्लंडच्या करक होडीवर डांबर फासलेलं कॅनव्हास, आपल्या शेजारी तुंगभद्रेवर बांबूचं हरिगोल (गोल होडी). सांगाडा आणि कातडी वेगळी ठेवायची ही युक्ती जुनीच आहे. फळ्यांच्या होडीत फळीच भार घेते आणि पाणीही अडवते. इथे भार सांगाड्यावर, पाणी कापडावर. त्यामुळे सांगाडा नीट जमला तर अर्धं काम झालं.

सीडरचा हट्ट सोडा. लाकूड हलकं हवं, पण त्याआधी रेषा सरळ हव्यात. सहा सुती (सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाडीच्या) पट्टीत वाटाण्याएवढी गाठ असली तरी वाकवताना पट्टी बरोबर तिथेच मोडते. वखारीत मिळणारं आयात पाइन चालेल, मात्र पॅकिंगच्या पेट्या फोडून निघालेलं नको, त्यात खिळ्यांची भोकं आणि गाठी असतात. साग उत्तम, पण वजन साधारण तीस टक्के वाढतं. जुन्या घराचे सागवानी वासे मिळाले तर चिरण्याआधी लोहचुंबक फिरवा, आत मोडलेला खिळा निघाला तर सॉ मिलवाला पातं बिघडल्याचे पैसे मागतो. आईन आणि किंजळ नको, फार जड. फणस सुंदर, पण साडेचौदा फूट सरळ रेषांची पट्टी त्यातून निघणं कठीण.

चौदा फूट लांब, बत्तीस इंच रुंद, मध्यावर बारा इंच खोल आणि टोकांना अठरा इंच उंच, अशा होडीचा हिशेब:

लांब पट्ट्या ७ (मधली पठाणाची, म्हणजे तळाच्या कण्याची, एक, दोन्ही अंगांना तीन-तीन), प्रत्येकी सहा सूत बाय सहा सूत, साडेचौदा फूट. काठपट्ट्या २, सहा सूत बाय दीड इंच, तेवढ्याच लांब. निव्वळ लाकूड जेमतेम ०.६ घनफूट होतं. करवतीची फट, गाठी आणि मोडतोड धरून सव्वा घनफूट घ्या. आडव्या साच्यांना (आमच्याकडे वांक म्हणतात) १२ मिमी मरीन प्लाय, आठ बाय चारची एक शीट, त्यातूनच दोन टोकांच्या नाळी (टोकांचे उभे तुकडे) निघतात. प्लायवर आयएस ७१० छापलेलं बघा. आयएस ३०३ हा वेगळा दर्जा, खाऱ्या पाण्यासाठी नाही.

अंदाजे वजन: पाइनच्या पट्ट्या पावणेनऊ किलो, साचे साडेचार, नाळी आणि तळाच्या पट्ट्या दोन, कापड दीड, रंग दोन, बैठका आणि दोरा एक. वीस किलोच्या आसपास. एका माणसाच्या खांद्यावर जाते.

---

देवबागचो

लाकूड कित्याक? माणगा बांबूच्यो काठये घ्या. सरळ आणि भरीव, दारात मिळतत.

---

रंधा_पटाशी

@देवबागचो, माणगा वाईट नाही, उलट वाकवायला पाइनपेक्षा गुणी. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे भुंगेरा. दसऱ्यानंतर थंडीत तोडलेला, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला आणि सावलीत सुकवलेला असेल तरच घ्या. नाहीतर वर्षभरात सांगाड्याखाली पिठाची रांगोळी पडते, आणि कापड चढवल्यावर आतली काठी बदलणं म्हणजे सगळं सोडवणं. दुसरी अडचण म्हणजे पेर.

---

देवबागचो

पेर घासून घेवक् होये, नायतर कापड फाटतलाच. ता खरा.

---

रंधा_पटाशी

तेच. उंच पेरावर ताणलेलं कापड आतून घासत राहतं आणि वाळूत टेकलं की तिथेच पहिलं भोक पडतं. चिरलेल्या बांबूची कडही पात्यासारखी असते. रंध्याने बाहेरची बाजू सपाट आणि कडा गोल करणार असाल तर खुशाल वापरा. काठपट्टी मात्र लाकडाचीच ठेवा, बांबूत स्टेपल धरत नाही.

---

तिवरकाठ

कापडावर सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

परदेशी आराखड्यांत बहुधा नायलॉन सांगितलेलं असतं. चिवटपणात ते पॉलिएस्टरच्या पुढे. पण नायलॉन पाणी पितं आणि लांबतं. कोरड्या देशात ते ओलं करून ताणतात, वाळलं की ढोलकीसारखं होतं. आपल्याकडे मे महिन्यात ढोलकी केलेलं नायलॉन आषाढात पोत्यासारखं लोंबतं, पट्ट्यांच्या मध्ये पाणी त्याला आत दाबतं आणि होडी वल्ह्याला जड लागते. उन्हातही ते लवकर कुजतं. म्हणून कोकणात पॉलिएस्टर. ते ओलं झालं तरी लांबत नाही, आणि मुख्य म्हणजे इस्त्रीने आवळता येतं.

यातली मेख अशी: बाजारातलं तयार पॉलिएस्टर गिरणीत आधीच उष्णता देऊन स्थिर केलेलं असतं, ते आवळत नाही. तुम्हाला हवं मागावरून उतरलेलं, प्रक्रिया न केलेलं ग्रे कापड. भिवंडी-सुरतेकडच्या व्यापाऱ्यांना 'ग्रे, फिनिशिंग नको' म्हटलं की कळतं. वजन चौरस मीटरला २७० ते ३५० ग्रॅम, विण साधी आणि घट्ट, पन्हा किमान साठ इंच. पाच मीटर पुरतं.

पूर्ण ताका घेण्याआधी नमुना मागवा आणि तीन गोष्टी करा. धागा जाळा: पॉलिएस्टर काळा, काजळीचा धूर सोडतं, नायलॉनचा धूर फिकट असतो आणि सुती मिश्रण असेल तर राख उरते. मग तीस सेंटिमीटरचा चौकोन पेनने आखून त्यावर गरम इस्त्री फिरवा आणि परत मोजा. दोन्ही दिशांना किमान दीड सेंटिमीटर आत आला पाहिजे. एकाच दिशेने आवळत असेल तर ते कापड सोडा, होडीवर तिरप्या सुरकुत्या पडतील. शेवटी पाण्याचा थेंब ठेवा. तो मोत्यासारखा तरंगला तर कापडावर आधीच काही लेप आहे आणि रंग नीट मुरणार नाही.

---

वल्हेकरी

ट्रकवर टाकतात ती ताडपत्री चालणार नाही का? रंगाचं काम वाचेल.

---

तिवरकाठ

निळी, विणलेल्या प्लास्टिकची ताडपत्री अजिबात नको. तिला रंग धरत नाही, गोंद धरत नाही, उन्हात दोन हंगामांत तिचा भुगा होतो.

पीव्हीसी लेपाची जाड ताडपत्री (४५० ते ६५० ग्रॅम) हा खरा पर्याय आहे. रंग लागत नाही, सांधे हॉट एअर गनने वितळवून जोडता येतात. पण ती इस्त्रीने आवळत नाही, त्यामुळे ताण सगळा हाताने द्यायचा आणि नाळेजवळच्या दुहेरी वळणात सुरकुती राहणारच. कापड-रंगापेक्षा वजनही थोडं अधिक. आठ दिवसांत होडी पाण्यात हवी असेल तर घ्या.

सुती कॅनव्हासचा मोह आवरा. ते ओलं झालं की आकसतं, वाळलं की सैल होतं, वरचा रंग तडकतो, तड्यातून पाणी आत जाऊन बुरशी येते.

---

एकसूत

नायलॉनबद्दल थोडा मतभेद. कालवांच्या (शिंपल्यांच्या) खडकावर होडी घासली तर नायलॉन दगडाभोवती ताणलं जातं आणि पॉलिएस्टर कापलं जातं. खडकाळ काठ असेल तर मी अजूनही नायलॉन म्हणेन, लोंबणं सहन करून.

---

तिवरकाठ

मान्य, पण कर्लीसारख्या वाळू-चिखलाच्या खाडीला तो युक्तिवाद लागू नाही. आणि कालवाची कड दोन्हीला कापते, फरक किती खोल एवढाच. त्यावर उपाय कापडात नाही, बाहेरच्या घासपट्टीत आहे. पठाणावर आणि दोन्ही नाळींवर, कापडाच्या बाहेरून, चार सूत जाडीची अर्धगोल सागवानी पट्टी. प्रत्येक स्क्रूच्या भोकात पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको, ते लागलेल्या जागी पुढे कधीच रंग बसत नाही. तिवराची पेन्सिलीसारखी श्वासमुळं जिथे चिखलातून वर आलेली असतात तिथे सुकतीला (ओहोटीला) होडी टेकवूच नका. आणि कुठेही गुडघाभर पाण्यात उतरून मग उचला. ही होडी ओढायची नाही.

---

रंधा_पटाशी

सांगाड्याची कृती. आराखड्यात असेलच, मी फक्त जिथे चुकतं ते लिहितो.

साडेचौदा फूट सलग पट्टी मिळाली नाही तर तिरका सांधा, जाडीच्या आठपट लांब. सहा सुती पट्टीला सहा इंच. इपॉक्सी आधी पातळ फासा, लाकडाला पिऊ द्या, मग त्यातच लाकडाचा बारीक भुसा घालून दाट केलेलं लावा. क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका, गोंद बाहेर निघून सांधा उपाशी राहतो. शेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका रांगेत नकोत. पण डावी-उजवी जोडी मात्र सारख्याच जागी हवी, कारण सांधा ताठ असतो आणि एकाच बाजूला आला तर दोन्ही अंगं वेगवेगळी वाकतात.

साचे सहा, दर चोवीस इंचांवर एक. पट्टीची खाच पट्टीच्या जाडीपेक्षा अर्धा सूत कमी खोल, म्हणजे पट्टी किंचित बाहेर राहते. दोन खाचांमधली प्लायची कड पाव ते अर्धा इंच आत, चंद्रकोरीसारखी कापा. हे कापणं लोक विसरतात. पाण्याच्या दाबाने कापड आत येतं, साच्याच्या कडेला टेकतं आणि तिथे आडवी रेघ उमटते. होडी मंदावते आणि पहिली झीज त्या रेघेवर होते.

साचे उभे करायला सरळ चौकट हवी. अंगणातली फरशी सरळ आहे असं धरून चालू नका, फरशीला पाण्याचा उतार दिलेला असतो. दोरी ताणा, प्रत्येक साच्याच्या मध्यावर ओळंबा सोडा. मग टोकाला उभं राहून एका डोळ्याने काठपट्ट्या बघा. पीळ राहिला तर होडी आयुष्यभर एका बाजूला वळत राहते. आधी पठाण आणि काठपट्ट्या, मग बाकीच्या पट्ट्या डावी-उजवी आळीपाळीने. एका बाजूच्या सगळ्या आधी बांधल्या की पीळ आलाच.

सांधे खिळ्यांनी किंवा स्क्रूने नाही, दोऱ्याने बांधायचे. प्लायच्या कडेत स्क्रू धरत नाही, थर सुटतात. शिवाय लाटेवर सांगाडा जरा हलला पाहिजे, बांधलेला सांधा हलतो आणि परत जागेवर येतो. रापणीच्या होड्या काथ्याने शिवलेल्या असत, त्यांची लवचीक हालचाल आठवा. साच्यात खाचेच्या दोन्ही बाजूंना ६ मिमीची भोकं, कडेपासून किमान दीड सेंटिमीटर आत. दोरा पॉलिएस्टरचा, मेण लावलेला, चार-पाच फेरे. एका सांध्याला सव्वा मीटर, चोपन्न सांधे आणि नाळी धरून शंभर मीटरचं रीळ घ्या. जाळ्याचं नायलॉन सूत ओलं झालं की सैलावतं. तंगुसाची (एकेरी नायलॉन तारेची) गाठ सुटते, तो नकोच. दोरा पट्टीवरून जातो तिथे गोल कानशीने पुसट खाच करा, नाहीतर कापडावर चोपन्न टेंगळं दिसतील.

---

एकसूत

+१. पिळाबद्दल आणखी एक. फार हलक्या बांधणीत सांगाडा तिरपा ओढला जातो. अमेरिकेतले प्लॅट मॉनफोर्ट आपल्या होड्यांत केव्हलारचे तंतू तिरपे, जाळीसारखे चिकटवून वर विमानाला लावतात तसलं पॉलिएस्टर आवळत. तुमच्या सहा सुती पट्ट्यांना त्याची गरज नाही, रंगवलेलं कापडच तो ताण घेतं. पण वजन वाचवायला कोणी चार सुतावर उतरणार असेल तर त्याने आधी या तिरप्या तंतूंचा विचार करावा.

---

वल्हेकरी

सांगाड्याला रंग की तेल?

---

रंधा_पटाशी

जवसाचं उकळलेलं तेल, दोन हात, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून घ्या. कापड चढवण्याआधी आठवडा तरी सुकू द्या. इपॉक्सीची सगळी कामं तेलाआधी उरका, तेलकट लाकडाला काहीच चिकटत नाही. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर सुटी वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

---

तिवरकाठ

कापड चढवणं. दोन माणसं, एक दिवस.

सांगाडा उपडा घालून कापडाची मधली रेघ पठाणावर आणा. दोन्ही टोकांना हाताने ताणून क्लॅम्प लावा. मग मध्यापासून टोकांकडे, डावीकडे चार इंच, उजवीकडे चार इंच, असं काठपट्टीच्या आतल्या अंगाला स्टेपल मारत जा. स्टेपल १० मिमी, स्टेनलेस. साधे लोखंडी एका पावसाळ्यात गंजतात आणि तो गंज कापड खातो. हाताचा ताण फक्त सुरकुत्या जाण्यापुरता, उरलेलं इस्त्री करेल. टोकाला कापड तापवलेल्या पात्याने कापा म्हणजे धागे सुटत नाहीत. एक बाजू नाळेवर कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हने चिकटवा, दुसरी तिच्यावर इंचभर चढवून चिकटवा, आणि दाभणाने दुहेरी टाके घाला. गोंदाच्या जागेवर इस्त्री नको, तो सुटतो.

इस्त्रीचं तापमान: पहिली फेरी सुमारे १२० अंश, दुसरी १५०, गरज पडली तरच शेवटची १७५. त्यापुढे कापड आवळण्याऐवजी सैल पडू लागतं आणि ते परत येत नाही. इस्त्रीच्या चकतीवरच्या 'कॉटन' खुणेला तापमान बहुधा याच्या वर जातं, तिकडे जाऊ नका. स्वस्त थर्मामीटर-गन चकचकीत पत्र्यावर चुकीचा आकडा दाखवते, इस्त्रीच्या कडेला काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर रोखा. दोन्ही बाजू आळीपाळीने, फूट-फूट करत. एकच बाजू पूर्ण आवळली तर कापड सांगाड्याला पिळून टाकतं, एवढा जोर त्यात असतो. बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज आला म्हणजे थांबा. अजून आवळलंत तर पट्ट्या आत ओढल्या जातील आणि होडी उपाशी घोड्याच्या बरगड्यांसारखी दिसेल.

---

एकसूत

रंगाचं मी लिहितो.

सोपा मार्ग साधा ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. पहिला हात दहा टक्के टर्पेंटाइन घालून पातळ, ब्रशने कापडात घासायचा. धागे भरले पाहिजेत पण आत थेंब ओघळता कामा नयेत, म्हणून आत कोणी तरी बघत राहावं. त्यावर दोन जाड हात, मध्ये दिवसभराचा अवकाश आणि बारीक पॉलिश पेपर. दोन लिटर पुरतो. काही वर्षांनी तो ठिसूळ होतो, दुमडीवर तडे दिसले की त्यावर नवा हात.

दोन डब्यांचं पॉलियुरेथेन जास्त चिवट आणि लवचीक, पण हवेतलं पाणी त्याला सोसत नाही. आर्द्रता पंच्याऐंशीच्या वर असताना लावलं तर त्यात वायू होऊन बुडबुडे धरतात. वाफही घातक, साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, रासायनिक वाफेचा फिल्टर असलेला हवा. हे काम नोव्हेंबर ते एप्रिल, सकाळी ९ ते दुपारी १. संध्याकाळी लावलेल्या कुठल्याही रंगावर रात्रीचं दहिवर पडतं आणि चकाकी मरते.

रंग फिका ठेवा. काळी किंवा गडद निळी होडी उन्हात तापते आणि कापड अधिक आवळतं.

---

देवबागचो

आणि बुडाली तर? हलकी होडी वाऱ्यार उडता.

---

एकसूत

दोन्ही प्रश्न रास्त.

भोक पडलं तर ही होडी पाण्याने भरते. लाकूड तरंगतं, पण माणसांना पेलत नाही. दोन्ही टोकांत वीस-वीस लिटरचे बंद कॅन, झाकणाला सीलंट लावून, पट्ट्यांना घट्ट बांधा. नुसते ठेवले तर होडी भरल्याबरोबर ते सुटून निघून जातात. यातून चाळीस किलोचा उचल मिळतो. लाइफ जॅकेट अंगात, होडीत नव्हे.

वारा: दोन माणसं म्हणजे दीडशे किलो धरले तर होडी चार-साडेचार इंच पाण्यात बसते, मध्यावर साडेसात इंच काठ उरतो. खाडीला तेवढा पुरे. एकटे असाल तर ती वर तरंगते आणि टोकं वाऱ्याला सापडतात. पंचवीस लिटर पाण्याचा कॅन समोरच्या टोकाकडे, तळाशी बांधा. दुपारचा खारा वारा उठायच्या आत परत फिरा. उधाणाची सुकती बाहेर ओढत असताना समोरून वारा आला की खाडीच्या मुखाशी उभी लाट उठते, तिथे ही होडी न्यायची नाही. आणि मालवणजवळ सागरी अभयारण्याची हद्द आहे, बंदर निरीक्षकाकडे आधी चौकशी करून ठेवा.

---

वल्हेकरी

वाचनखूण साठवली. शेवटचे दोन: पावसाळ्यात ठेवायची कशी, आणि पहिल्यांदा पाण्यात टाकण्याआधी गळती कशी तपासायची? आत पाणी भरून बघू का?

---

रंधा_पटाशी

आत पाणी भरू नका! बाहेरून पाण्याचा आधार असतो म्हणून कापड भार पेलतं. जमिनीवर आत पाणी भरलं तर स्टेपल उपटून येतील.

ठेवताना पडवीच्या आढ्याला, उपडी, तीन रुंद पट्ट्यांवर टांगा. भिंतीला लागू देऊ नका आणि जमिनीवर तर नकोच, वाळवी साच्यांत शिरते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच टांगा. आत मासळीचा वास राहिला तर उंदीर कापड कुरतडतात.

---

तिवरकाठ

गळतीसाठी अंधार पडल्यावर होडीच्या आत प्रखर दिवा ठेवा आणि बाहेरून बघा. फिका रंग असल्यामुळे जिथे विणीत रंग भरला नसेल तिथे सुईच्या टोकाएवढा उजेड चमकतो. खडूने गोल करा, सकाळी त्या जागी ब्रशने दाबून रंग भरा. घासपट्टीचे स्क्रू आणि नाळेची शिवण दोनदा बघा, गळती बहुतेक तिथेच सापडते. मग भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवशी, ओढ कमी असताना, गुडघाभर पाण्यात रिकामी तरंगवून अर्धा तास थांबा. दुरुस्तीची पिशवी पहिल्या दिवसापासून बरोबर ठेवा: उरलेल्या कापडाचे चार तुकडे, कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, दाभण आणि दोरा, डक्ट टेप, आणि आधी जागा कोरडी करायला एक सुती फडकं. ओल्या कापडावर टेप चिकटत नाही.